पिट्सबर्गला जाण्याचं कारण क्रमांक सात

आमच्या टेकडीवर बर्फ पडला की दोन कामं करायची असतात. आधी दारासमोरचा गाडीपुरता रस्ता फावड्याने मोकळा करायचा, आणि मग स्वयंपाकघरातली एक खुर्ची आणून तिथे ठेवायची. खुर्ची असेपर्यंत जागा तुमची. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. पण कायदा मोडणारी माणसं मी पिट्सबर्गमध्ये ढिगाने पाहिलीत, दुसऱ्याची खुर्ची हलवणारा एकही नाही पाहिला. एकदा तर आगीचा बंब खुर्ची बघून मागे फिरला होता. आग शेजारच्या पाव्लाकच्या गॅरेजला लागलेली, आणि नंतर पाव्लाकच बंबवाल्यांना म्हणाला, बरोबर केलंत.

बर्फ वितळला की बाकीच्यांच्या खुर्च्या घरात जातात. माझ्या समोरच्या यादविगा सोब्चाकबाईंची खुर्ची मात्र पस्तीस वर्षं बाहेरच आहे. पिवळं रेक्झिन, फाटलंय तिथे चंदेरी चिकटपट्टी, एक पाय आखूड म्हणून खाली लाकडाचा तुकडा. बाई चौऱ्याऐंशीच्या. त्यांच्याकडे गाडी नाही आणि त्यांना ती चालवताही येत नाही. जागा काझसाठी. काझिमिर, त्यांचा एकुलता एक मुलगा, माझ्या वर्गातला. पोलादाचा कारखाना बंद पडला त्या वर्षी तो ह्यूस्टनला निघाला. निघताना मायलेकांचं जे भांडण झालं ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. तो म्हणाला, या मेलेल्या शहरात राहून करू काय? त्या म्हणाल्या, जा, मी कुठे धरून ठेवलंय? गाडी वळणाआड गेली आणि बाई आत जाऊन खुर्ची घेऊन आल्या.

तेव्हापासून दर नाताळला त्याचा फोन येतो. तिकडे थंडी आहे का? आहे. तुझ्याकडे? उकडतंय. की संपलं. खुर्चीचा विषय दोघांनीही कधी काढला नाही. मी एकदा म्हटलं, "अहो, सांगा की त्याला, तुझी जागा राखून ठेवलीय म्हणून."

"ते काय सांगायचं असतं, बर्नी? आल्यावर दिसेलच की त्याला."

मी चाळीस वर्षं लोकांचे केस कापले. डोक्यात काय भरलंय ते वरून कळतं मला. या बाईच्या डोक्यात दगड होता. मी घरी निघून आले.

मधल्या काळात ते मेलेलं शहर उठून बसलं. ज्या कारखान्यात माझ्या वडिलांची दोन बोटं गेली तिथे आता तरुण पोरं कमरेला दोर बांधून खोट्या दगडांवर चढतात आणि खाली उतरतात. कशासाठी ते विचारू नका. ज्या चर्चमध्ये माझं लग्न लागलं तिथे बियर बनते. नवरा म्हणतो, शेवटी चर्चचं काहीतरी भलं झालं. आणि मग गेल्या वसंतात न्यूयॉर्कच्या एका मासिकातून मेरिडिथ नावाची बाई आली. लेखाचं नाव होतं, 'पिट्सबर्गला जाण्याची दहा कारणं'. सहा तिला सापडली होती. सातव्याच्या शोधात ती आमच्या गल्लीत शिरली आणि खुर्चीसमोर थबकली.

"ही कुणाची?" तिने मला विचारलं.

"बसणाऱ्याची नाही," मी म्हटलं. मला काय माहीत, ही ते लिहून घेईल म्हणून!

पुढच्या महिन्यात पानभर फोटो आला. मागे बाईंचं हिरवं दार, पुढे खुर्ची. खाली लिहिलं होतं: 'कारण क्रमांक सात. कलावंत अज्ञात. ही जागा कुणासाठीही नाही, हेच तिचं सौंदर्य.'

झालं. लोक यायला लागले. आधी चौघं-पाचजण, मग बस भरून. एक प्राध्यापक चिकटपट्टीसमोर उभा राहून तासभर बोलला. ती चंदेरी पट्टी म्हणजे पोलाद-उद्योगाची जखम आहे म्हणे. मी खिडकीतून ओरडले, "ती मीच लावलीय, एक्याण्णव साली!" तर त्याने माझं नाव विचारून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यापासून लोक माझ्याही घराचे फोटो काढायला लागले. एक बाई खुर्चीजवळ रोज येऊन रडायची. यादविगाबाई तिला कोबीचे पिएरोगी खायला घालायच्या. त्यांना वाटायचं, हिच्याही घरचं कुणीतरी ह्यूस्टनला गेलं असणार.

इथवर ठीक होतं. मग 'उगवती तीरं' नावाच्या संस्थेचा प्रेस्टन आला. शहर सुधारणं हा त्याचा धंदा. दाढी अशी कातरलेली की कातरणारा माझ्या हाताखाली असता तर त्याच दिवशी कामावरून काढला असता. त्याने खुर्चीभोवती लाल मखमली दोर बांधला आणि बाईंना हसत हसत सांगितलं, "आनंदाची बातमी आहे. शनिवारी आम्ही खुर्ची रस्त्यात कायमची बसवतोय. चारही पाय काँक्रीटमध्ये. शंभर वर्षं हलणार नाही."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "मग काझ गाडी कुठे लावेल?"

"काझ कोण?"

"माझा मुलगा. त्याची जागा आहे ती."

"ते कधी येणार आहेत?"

"आला की येईल."

प्रेस्टनने हे वहीत लिहून घेतलं आणि म्हणाला, फलकावर घालू, फार सुंदर वाक्य आहे. पालथ्या घड्यावर पाणी. त्या रात्रीपासून बाई जेवेनात. मला म्हणाल्या, "बर्नी, पस्तीस वर्षं बर्फ उपसला गं. आता उन्हाळ्यात जागा जाणार." मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

शनिवारी सकाळी गल्ली माणसांनी भरली. बॅंड होता. सिमेंटचा ट्रक आला, त्यातून दोन कामगार उतरले, टेकडीच्याच पलीकडचे, एक थोराड आणि एक बुटका. प्रेस्टन म्हणाला, "खुर्ची जरा बाजूला घ्या आणि खड्डे पाडा."

दोघांनी हातमोजे काढले.

"खुर्ची कुणाची आहे?" थोराड माणसाने विचारलं.

"शहराची. सर्वांची."

"तसं नसतं, साहेब. खुर्ची कुणाचीतरी असते."

"माझी आहे," पायरीवरून यादविगाबाई म्हणाल्या.

"मग बाईंनी सांगितल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही," बुटका म्हणाला आणि जाऊन ट्रकच्या पायरीवर बसला. प्रेस्टनने पोलिसाला बोलावलं. पोलीस आला, त्याने खुर्ची पाहिली, टोपी काढली आणि कामगारांशेजारी जाऊन बसला. शेवटी प्रेस्टन स्वतः वाकला. अख्खी गल्ली एका आवाजात ओरडली, "ए!" बॅंडवाल्यांना वाटलं सुरू करा असं म्हणतायत, त्यांनी सुरू केलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

या गोंधळात माझं लक्ष एका करड्या गाडीकडे गेलं. टेक्ससची नंबरपाटी. ती चौथ्यांदा गल्लीतून जात होती. आमच्या दारापाशी यायची, खुर्चीपाशी हळू व्हायची, पुढे निघून जायची. डोकं आधीच तापलं होतं. मी रस्त्यात जाऊन तिच्या बॉनेटवर थाप मारली. "अहो, बघायचं असेल तर खाली लावा आणि चढून या! तुमच्या पायांना काय मेंदी लावलीय?"

काच खाली झाली. टक्कल, चष्मा, आणि सोब्चाकांचं ते नाक.

"बर्नी," तो म्हणाला, "ही जागा कुणाची गं?"

माझ्या तोंडून शब्द असा फुटला की बॅंड थांबला. "तुझी, गाढवा! तुझी!"

"मग खुर्ची?"

"तुझ्याचसाठी! तू गेलास त्या दिवसापासून!"

त्याने गाडी तिथेच रस्त्याच्या मध्ये बंद केली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो बसून राहिला. "दाताच्या डॉक्टरकडे ते मासिक पाहिलं," तो म्हणाला. "त्यात लिहिलं होतं, कुणासाठीही नाही म्हणून. म्हटलं, कुणाचीच नाही तर मग आपण जावं." त्याने चष्मा काढून पुसला. "मी आधीही आलो होतो, बर्नी. ब्याण्णवला. नव्व्याण्णवला. दोन हजार आठ साली, दिवाळं निघालं तेव्हा. बावीस-बावीस तास गाडी चालवून. दर वेळी दारात खुर्ची. मला वाटलं, आईने जागा दुसऱ्या कुणालातरी दिली."

"आणि तू परत गेलास?"

"दुसऱ्याची खुर्ची कशी हलवणार?"

थोराड कामगाराने मान हलवली. पोलिसानेही हलवली. आमच्यापैकी एकालाही त्याचं काही चुकलं असं वाटलं नाही, आणि तेच मला भयंकर वाटलं.

यादविगाबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या कठड्याला धरून चार पायऱ्या उतरल्या, मखमली दोराखालून वाकून गेल्या आणि खुर्ची उचलून पदपथावर ठेवली. काझने गाडी लावली. पहिल्याच दमात, दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडून. पाहुणे गाडीचे फोटो काढायला लागले. प्रेस्टन कुणाला तरी फोनवर विचारत होता, याला आता काय म्हणायचं?

काझ उतरून आईसमोर उभा राहिला, साठीचा माणूस, हात खिशात कोंबून. बाईंनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तीनदा आलास?"

"हो."

"खालच्या चौकात जागा असते. तिथे गाडी लावून चालत यायला काय झालं होतं?"

काझने बुटांकडे पाहिलं.

"सुचायचं, आई," तो म्हणाला. "दर वेळी सुचायचं. पण परत जाताना, ओहायो ओलांडल्यावर."