मक्याखालचं गवत

"बघ, तुझ्या गाईला आज मेजवानी." आक्काने गवताचा भारा अंगणात गाईपुढे टाकला आणि गुडघे धरून उंबऱ्यावर बसली.

कंडक्टरने खाटेवरून मान वळवली. नोकरी संपून बरीच वर्षं झाली तरी लोक त्याला कंडक्टरच म्हणत, आणि तोही गाईला "चला, पुढे सरका" म्हणूनच गोठ्यात घेई. शिडीवरून पडून त्याचा खुबा मोडला, तेव्हापासून घर, गाय आणि शेत थोरल्या बहिणीच्या गळ्यात पडलं होतं.

भाऱ्यातलं गवत मुळासकट उपटलेलं होतं. त्याने ते ओळखलं.

"कुठून आणलंस गं?"

"मक्यातून. नुसतं माजलं होतं. तू लावलेली झाडांची रोपं तेवढी ठेवली, बाकी रोज खुरपून काढलं. लोकांनी काय म्हणावं, भाऊ पडला आणि शेत गवतात गेलं?"

ते गवत त्यानेच पेरलं होतं. रोपांच्या ओळींमध्ये गवत, आणि ते मूळ धरेपर्यंत घरात चार दाणे यावेत म्हणून मका. मका निघाला की मागे कुरण उरणार होतं. चाऱ्यावाचून गेल्या उन्हाळ्यात एक गाय विकावी लागली होती. ही तरी दावणीला राहावी म्हणून हा सगळा खटाटोप. आता पाऊस संपला होता. पुन्हा पेरायचं तर पुढच्या पावसाळ्यातच, आणि मध्ये अख्खा उन्हाळा.

आक्काला हे सांगायचं त्याला सुचलंच नव्हतं. रागवायचं तरी कुणावर?

"बांधाकडचा पट्टा राहिलाय," गुडघे चोळत ती म्हणाली. "तेवढा उरकून येते."

"राहू दे तो. साप दिसला होता तिथे."

"मग काठी नेते." ती उठलीसुद्धा.

"आक्का, थांब. ते गवत मी पेरलंय. गाईसाठी."

अंगणात जाऊन आक्काने गाईच्या तोंडापुढून उरलेला भारा ओढून घेतला, पदरात भरला आणि शेताकडे गेली.

खिडकीतून मक्याची अलीकडची ओळ दिसत होती. भर उन्हात आक्का तिथे बसून खुरप्याने माती उकरत होती आणि मलूल झालेली एकेक काडी आत खोचत होती.

"आक्का, घरी ये. नाही लागायचं ते," तो ओरडला.

तिचा सगळा जन्म शेतात गेला होता. तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ती गुडघ्यावर हात देऊन उठली, जरा पुढे सरकली आणि पुन्हा खाली बसली.