बिनआवाजाचे तीन रविवार

अकोटात मोटार वाइंडिंग म्हटलं की खुशालरावांचं नाव निघे. विहिरीवरची मोटार नुसती चालू करून दाखवा, बेअरिंग गेलं की कॉईल जळली, हे ते कान लावून सांगत. पण २००६-०७ ची ती नापिकीची वर्षंच अशी, की जळालेली मोटारही लोक दुरुस्तीला आणत नव्हते. दिवसभर दुकानात रिकामं बसून माणूस आधीच कावलेला, त्यात घरचा जुना कॉम्प्युटर मुका झाला.

दर रविवारी सकाळी त्यावर अमेरिकेतून प्रणाली, त्यांची लेक, दिसायची आणि बोलायची. आता नुसती दिसायची. खुशालरावांनी स्पीकर रेडिओला लावून पाहिले, ते ठणठणीत वाजले. तारा बदलल्या, पिना खरवडल्या, पडद्यावरचा आवाज शेवटापर्यंत चढवला. काही नाही. शेवटी कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन एसटीनं अकोल्याला साजिदच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथे डबा पहिल्या झटक्यात बोलला. घरी आणून जोडला, पुन्हा मुका. खुशालरावांनी पक्कड भिंतीवर फेकून मारली.

लेकीला मात्र त्यांनी काही कळू दिलं नाही. उभ्या तालुक्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याला घरचा डबा जमत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? जमुनाबाईंनाही त्यांनी गप्प बसवलं. पोरीचे ओठ हलले की ते हसून मान डोलवत आणि 'हो हो, बरोबर' म्हणत. असे तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी चहा ठेवताना जमुनाबाई थबकल्या. डासासारखा बारीक आवाज येत होता, खिळ्याला अडकवलेल्या हेडफोनमधून. जावयाच्या मित्रानं तो महिन्यापूर्वी आणून दिला होता. कानाला टोचतो म्हणून खुशालरावांनी एकदाच घालून टांगला, पण त्याची पिन डब्याला तशीच राहिली. सगळा आवाज तिकडे जात होता. अकोल्याला गेला होता तो नुसता डबा; परत आणल्यावर सगळ्या पिना होत्या तशाच जोडल्या होत्या.

खुशालरावांनी घाईनं तो कानाला लावला.

"...मंग काढलं मी तिकीट, बाबा. तुमी तीनदा हो म्हनलं म्हून."

"कायचं तिकीट?"

 प्रणाली तुटक तुटक सांगू लागली. नवऱ्याच्या व्हिसावर गेल्यामुळे तिथे तिला नोकरी करायची परवानगी नव्हती. दोन वर्षं ती घरात कोंडून होती. अकोल्याला येऊन बी.एड. करायचं तिच्या मनात होतं, नवरा तयार नव्हता. बाप एवढी जोरात मान डोलवतो हे पाहून तोही निमूट झाला होता.

"मले तीन हप्ते काईच ऐकू आलं नाई, पोरी," खुशालराव म्हणाले.

"मंग मान काहून हालवली?"

 स्वतःच्याच थोबाडीत मारावी असं त्यांना झालं. जमुनाबाईंनी हेडफोनची एक बाजू ओढून आपल्या कानाला लावली.

"आता येते ऐकू," खुशालराव म्हणाले. "पयलेपासून सांग."

ती तासभर बोलली. चहा निवून गेला. तिकीट रद्द कर असं मात्र खुशालराव म्हणाले नाहीत.

जूनमध्ये प्रणाली आली. जावई दिवाळीपर्यंत सासऱ्याशी बोलला नाही.