जित्या माणसाच्या अस्थी

देवानं मला अक्कल जरा जास्तच दिली, पण त्यातली निम्मी उलटी दिली. हे माझं मत नाही, झुलालच्या बायकोचं आहे, आणि तिनं ते भर अंगणात, पन्नास माणसांदेखत सांगितलं. माझा स्वभाव तापट. दुसरं कुणी असं म्हणालं असतं तर मी हातातला रंधा फेकून मारला असता. त्या दिवशी मात्र गुमान ऐकून घेतलं. ऐकताना हसत होतो, म्हणून आणखी शिव्या खाल्ल्या.

मी अभिमन सुतार. गाव गिरणेकाठी, भडगावच्या कोसभर अलीकडे. झुलाल माझ्याच आळीतला, माझ्याच वयाचा, आणि सुतारकीत माझ्यापेक्षा चार आणे सरस. आता कबूल करायला काय जातं? दोघं मिळून भुसावळच्या रेल्वे कारखान्यात लागलो आणि तिथून एका कंत्राटदारानं आम्हाला आगबोटीत घालून आफ्रिकेत नेलं, मोंबासाला. तिथे रेल्वेचे डबे दुरुस्त करायचे. पगार बरा, ताप आणि डास फार. ही पहिल्या मोठ्या लढाईच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट.

चार वर्षं आम्ही एका चुलीवर जेवलो. मग मी म्हटलं, पुरे झालं, मी चाललो. झुलालनं मात्र आणखी दोन वर्षांचा करार केला. गावात नदीकाठचा एक मळा विकायला निघाला होता, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत निम्मे पैसे हातात पडले तर मालक थांबायला तयार होता. झुलालची बायको भिकुबाई लग्न होऊन आली तेव्हापासून त्या मळ्याकडे बघत होती. म्हणून पैसे माझ्याबरोबर जायचे ठरले. दोघांच्या मिळून शंभर गिन्या, सगळ्या सोन्याच्या.

तुम्ही म्हणाल, मनिऑर्डर का नाही केली? अहो, आमच्या गावात मनिऑर्डर आली की पोस्टमनच्या आधी बातमी पोचते आणि बातमीमागून भाऊबंद. झुलालला चुलत भाऊ किती होते ते त्यालाही नीट सांगता यायचं नाही. बरं, कमरेला पैशांचा कसा बांधावा तर बोटीवर झोपेत कापतात. पेटीला कुलूप लावावं तर अख्खी पेटीच जाते.

तेव्हा माझी अक्कल चालली.

"झुलाल," मी म्हटलं, "चोरसुद्धा हात लावत नाही अशी वस्तू कोणती?"

"तुझं धोतर."

"चेष्टा नको. अस्थी! तांब्यात गिन्या भरायच्या, वाजू नयेत म्हणून राख दाबायची, तोंडाला लाल फडकं बांधायचं, वर तुळशीची माळ. कोण मायचा लाल हात लावतो बघू."

झुलाल पोट धरून हसला. म्हणाला, "मी जिता असताना मला गंगेला पोचवतोस होय रे?" पण त्याला पटलं. तांब्या त्यानं स्वतःचाच काढून दिला. लग्नात सासऱ्यानं दिलेला, गळ्यावर नाव कोरलेला: झुलाल जीवराम. काठाला एक पोच होती. नवी नवरी असताना भिकुबाईच्या हातून तो विहिरीच्या दगडावर आपटला होता. "तिला अक्षर येत नाही," झुलाल म्हणाला, "पण ही पोच ती अंधारात ओळखेल. म्हणजे पैसे मीच पाठवले हे तिला पटेल." राखही त्यानंच आमच्या चुलीतली काढली आणि अंगठ्यानं दाबून दाबून भरली. आणि जाताना म्हणाला, "भिकुला सांग, मी धडधाकट आहे. दोन वर्षं म्हणजे काय, दोन आखाज्या."

युक्ती अशी लागू पडली म्हणता! बोटीवर तीन जणांचे कमरेचे कसे कापले गेले, एकाची पेटी गेली. माझ्या उशाशी शंभर गिन्या उघड्यावर आणि माझ्याभोवती हातभर जागा मोकळी. मुंबईला जकातीच्या शिपायानं पेटी उचकली, तांब्या दिसताच हात जोडून मागे सरला. मी मनात म्हटलं, अभिमन, तुला दिवाणच करायला हवा होता.

आगगाडीत बसलो. चाळीसगाव आलं. घर आता जवळ, म्हणून जरा डुलकी लागली. जाग आली ती समोरच्या बाकावरच्या माणसाच्या आवाजानं. भडगावचे कापडवाले लीलाधरशेट. ते वाकून तांब्याचा गळा वाचत होते.

"झुलाल जीवराम... अरे, जीवरामचा झुलाल? आमच्या दुकानाची दारं जीवरामनं केली आहेत! कधी झालं हे?"

आता काय सांगू? डबा भरलेला. शेजारी कोण, मागे कोण, काही ठाऊक नाही. 'शेट, तो ठणठणीत आहे, आत सोनं आहे' असं म्हणायचं? मी मान खाली घातली. शेटनी ती मान धरली होकारासारखी. डोळे पुसले आणि म्हणाले, "भला पोरगा होता हो."

कजगावला दोघंही उतरलो. शेटची दमणी आली होती. मी म्हटलं, आता गाडीत बसू, सामसूम वाट लागली की शेटच्या कानात खरं सांगू. पण गाडीवान पुना आडवा आला. "अस्थी गाडीत नको, शेट. बैल बुजतात." शेट म्हणाले, "बरोबर आहे. अभिमन, तू ये पायी. मी वाटेत तुमच्या गावात थांबून सांगून जातो. बिचाऱ्या बाईला तयारी करायला वेळ मिळेल."

"नका सांगू!" मी ओरडलो. "मीच सांगतो!"

"असा निरोप एकट्यानं नेऊ नये रे," शेट म्हणाले, आणि पुनानं बैलांना काठी लावली.

फलाटाबाहेर हमाल होते, एक पोलीस होता, दहा-बारा उतारू होते. मी तोंड उघडलं असतं तर बाई वाचली असती. नाही उघडलं. पंधराशे रुपयांच्या सोन्यासाठी गप्प बसलो. त्याची लाज मला आजही वाटते.

दमणी वळणाआड गेली आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आता गावात काय होणार? बायका जमणार, कोणी तरी दगड आणणार, भिकुवहिनीच्या बांगड्या फुटणार, कुंकू पुसणार. नवरा तिकडे मोंबासाला जिता, भाकरी खात बसलेला, आणि ही इकडे पांढऱ्या कपाळाची. एकदा पुसलेलं कुंकू परत लावलं तरी ती सल तिच्या मनातून जाणार होती का? मी पेटी स्टेशनातल्या पानवाल्याकडे टाकली, तांब्या छातीशी धरला आणि पळत सुटलो.

चैत्राचं ऊन. पायाखाली फुफाटा. मागून एक गाडी आली, मी हात केला. गाडीवाल्यानं तांब्या पाहिला, नमस्कार केला आणि बैल दामटले. दुसरी आली, तिचीही तीच तऱ्हा. जी युक्ती चोरांना लांब ठेवत होती तीच आता बैलगाड्यांनाही लांब ठेवत होती. एका मळ्यात मोट चालू होती. मी म्हटलं, पाणी पाजा. बाई म्हणाली, "आधी ते झाडाला टांगून या, भाऊ, मग वाढते." आता शंभर गिन्या झाडाला टांगू? तसाच निघालो. जीभ टाळूला चिकटली होती. मी झुलालला शिव्या घातल्या, शेटला घातल्या, मग शेवटी स्वतःला घातल्या, आणि त्याच बरोबर बसल्या.

गावाच्या शिवेवर आलो तर रडण्याचा आवाज ऐकू आला.

जीवरामआबाच्या अंगणात अख्खी आळी जमली होती. आबा ओसरीवर बसलेले. डोळ्यांत मोतीबिंदू, हात मांडीवर पालथे. मधोमध भिकुबाई. तिच्यापुढे पाटा ठेवलेला, आणि एक म्हातारी तिचा हात धरून बसलेली. पण हिरव्या बांगड्या अजून हातात होत्या! मला वाटलं, पोचलो रे बाबा.

ती का थांबली होती ते मला नंतर कळलं. तिनं सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं, "शेट सांगतीन म्हणून मी चुडा फोडाव नही. तांब्या देखसू, मग फोडसू."

आणि तो तांब्या घेऊन कोण आलं? तर मी!

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, तांब्याकडे पाहिलं. काठाची पोच पाहिली. तिनं दोन्ही हात पाट्यावर आपटायला उचलले.

"थांब, वहिनी!" मी किंचाळलो. "झुलाल जिता आहे! हे बठ्ठं खोटं शे!"

कोण ऐकतो? "बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "अस्थी दारात आणू नको, आधी पिंपळाला बांध." दोघांनी मला धरलं. तेव्हा माझं टाळकं सटकलं. गेल्या गिन्या खड्ड्यात! मी दातानं फडकं फाडलं आणि अंगणाच्या मधोमध तांब्या उलटा केला.

राखेचा ढीग पडला आणि त्यातून शंभर गिन्या लोळत सुटल्या. सोनं उन्हात लखलखलं. रडणं बंद.

"पाहिलंत?" मी धापा टाकत म्हटलं. "अस्थी नाहीत, पैसे आहेत! चोरांच्या भीतीनं सोंग केलं!"

एक चुलत भाऊ पुढे आला. मला म्हणाला, "मेलेल्या माणसाच्या राखेत पैसा लपवून आणलास? लाज नाही वाटली?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. हात्तिच्या! हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. राख तर होतीच ना समोर!

भिकुबाईनं गिन्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोरड्या आवाजात म्हणाली, "पैसा ते मरेल माणूसनाबी येस, भाऊ."

मी तिथेच खाली बसलो आणि रडायला लागलो. एवढा मोठा घोडा, पण रडलो.

तेव्हा जीवरामआबा उठले. चाचपडत आले, माझ्या बाजूला उकिडवे बसले. "राख कोठे शे?" त्यांनी विचारलं. मी त्यांचा हात धरून ढिगावर ठेवला. आबांनी चिमूट घेतली आणि बोटांत चोळली. दुसरी घेतली. मग दोन्ही हातांनी राख चाळायला लागले, सावकाश, घाई नाही. गिन्या हाताला लागल्या त्या खडे बाजूला करावेत तशा बाजूला केल्या. आपल्या लेकाची म्हणून ती राख चाळणाऱ्या आबांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

आबांची बोटं थांबली. त्यांनी काहीतरी उचललं, फुंकर मारली, नाकाशी नेलं. मग अंगठ्यानं उलगडून पाहिलं.

ती एक ढलपी होती. रंध्यातून निघते तशी, वळलेली, निम्मी जळलेली, निम्मी कोरी. आमच्या चुलीत दुसरं काय जळणार? चार वर्षं आम्ही कारखान्यातल्या ढलप्यांवरच भाकरी भाजली होती.

"सागनी शे," आबा म्हणाले. "मी आखी हयात मसणमा माणसं जाळली आणि लाकडं तासली. माणूसनी राख मन्हा हातले समजस. तिन्हामा हाडकं ऱ्हातस. हाई माणूसनी राख नही शे." आणि मग तो म्हातारा एकदम ओरडला, "मन्हा पोऱ्या जित्ता शे! भिकु, मन्हा पोऱ्या जित्ता शे!"

भिकुबाईनं त्यांच्या हातातली ढलपी घेतली. उलटी केली, सुलटी केली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि जो तोंडाचा पट्टा सुटला! मुडद्या काय, अकलेच्या कांद्या काय, माझ्या सात पिढ्या तिनं उद्धरल्या. अक्कल उलटी दिल्याचं तेव्हाच म्हणाली. शिव्या देत होती आणि रडत होती, आणि हातातल्या हिरव्या बांगड्या खळाखळा वाजत होत्या. तो आवाज ऐकून मला हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. मग आबा हसले, मग पाटा आणणारी म्हातारीही हसली. म्हातारीनं तो पाटा उचलला आणि गुपचूप घरी नेला.

गिन्या बायकांनी सुपात गोळा केल्या. एक कमी भरली. शोधाशोध व्हायला लागली तेव्हा भिकुबाईच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. धन्यावरून ओवाळून टाकली समजा."

आखाजीच्या आधी मळ्याचा निम्मा पैसा पोचता झाला. दोन वर्षांनी झुलाल आला, आणि मी त्याला जिवंतपणी केलेल्या क्रियाकर्माचं जेवण मागितलं. पण ते नंतरचं.

त्या दिवशी गर्दी पांगली आणि मी ओसरीच्या खांबाला टेकून बसलो. म्हटलं, "वहिनी, पाणी. कजगावपासून घोटभर मिळालं नाही."

ती आत गेली. चिंचेनं भांडं घासण्याचा आवाज आला, बराच वेळ आला. मग ती तोच तांब्या घेऊन आली, घासून लख्ख केलेला, काठोकाठ भरलेला. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. खोट्या का होईना, पण सबंध समुद्र ज्याला मी अस्थी म्हणत आलो त्या भांड्यातून पाणी कसं प्यावं?

भिकुबाईनं ते ओळखलं. तांब्या आधी स्वतःच्या तोंडाला लावला, दोन मोठे घोट घेतले, पदरानं ओठ पुसले आणि तो माझ्या हातात दिला.

"पी ले, भाऊ," ती म्हणाली. "मन्हा धनीना तांब्या शे."