सारखे वाटे

सगुणाचे हात रिकामे राहतील तर शपथ. हर्णेच्या बंदरावर वाढलेली बाई; नीट चालता येत नव्हतं तेव्हापासून आईच्या पुढ्यात बसून मासळीचे वाटे लावलेले. मोठ्या बांगड्याशेजारी बारका ठेवायचा, म्हणजे कुठलंच गिऱ्हाईक नाक मुरडत नाही. नेमकी हीच सवय त्या दिवशी नडली.

तिचा नवरा धाकू सुकी मासळी ट्रकमधून आंबा घाट चढून कोल्हापूरला न्यायचा. शहाऐंशी साली लिलावात घेतलेला जुना ट्रक. शिमग्यानंतर त्याचं इंजिन खडखडायला लागलं म्हणून हातखंब्याच्या तिठ्यावर महिपत मिस्त्रीच्या शेडमध्ये आणून उघडलं, तर महिपतने कपाळाला हात लावला.

"धाकू, हे इंजिन बारा गावचं पाणी प्यायलंय. सहा पिस्टन, आणि दोघांची जात एक नाय."

पिस्टनच्या दांड्याला खाली अर्धगोल टोपी असते. ती बोल्टने आवळली की दांडा शाफ्टला धरून राहतो. टोपी ज्या दांड्याची त्यालाच बसली पाहिजे, म्हणून मिस्त्रीलोक दोघांवर एकच खूण ठोकतात. इथे एका दांड्यावर टिंबं आणि त्याच्याच टोपीवर फुली, दुसऱ्यावर काहीच नाही, कुठे जाड दांड्याला पातळ टोपी. कुठल्या मिस्त्रीने कुठल्या भंगारातून काय आणून जुळवलं, देव जाणे. पण इतकी वर्षं एकत्र फिरून ते एकमेकांना बसले होते. खुणांवर भरवसा नको, म्हणून महिपतने जसे निघाले तसे सहा ढीग गोणपाटावर मांडले. पण तोंडाने काही बोलला नाही. मनातलं बाहेर काढायला त्याचे पैसे पडतात जणू.

मग महिपत आणि धाकू शाफ्ट घासून आणायला मिरजोळ्याला लेथवर गेले. सगुणा भाकऱ्या घेऊन आली होती, ती शेड राखायला बसली. बसून बसून किती बसणार? तिने घमेल्यात रॉकेल ओतलं, एकेक वस्तू घासूनपुसून चकचकीत केली, परत ज्या त्या ढिगात ठेवली. पण ढीग तिच्या डोळ्याला खुपायला लागले. इथे दांडाही जाड, टोपीही जाड. तिथे दोन्ही किडमिडी. असले वाटे कोण लावतं? तिने टोप्या इकडच्या तिकडे केल्या, सहाही ढीग सारखे केले आणि समाधानाने पदर झटकला.

संध्याकाळी महिपत खूश झाला. "वयनी, तुमच्यासारखी माणसं शेडीत पायजेत," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ढिगांवरून इंजिन जोडायला बसला.

टोप्या आवळून झाल्यावर त्याने पहारीने फ्लायव्हील, म्हणजे इंजिनामागचं जड चाक, फिरवून बघितलं. ते जड फिरलं. त्याने भुवया आक्रसल्या, पण धाकूला म्हणाला, "पळंल तसं मोकळं हुईल." आणि एरवी न बोलणारा माणूस, काम उरकत आलं म्हणून बोलायला लागला. "ज्याची टोपी त्यालाच हो. एक जरी हलली तर चढाला इंजिन जाम धरतंय नि गाडी मागं येतीय. म्हणून मी ढीग लावले व्हते."

आणि टोप्या तर सगुणाने सहाही ढिगांत हलवल्या होत्या.

सांगावं तर आता. पण महिपत इंजिनाखालचा तेलाचा तवा बसवत होता, आणि धाकू हसत होता. तिने स्वतःची समजूत घातली: काही झालं नाही, लोखंडच ते. मग घाटातलं ते वळण डोळ्यांपुढे आलं, जिथे धाकू नेहमी खिडकीतून हात काढून देवाला पैसा टाकायचा. हा माणूस आपल्या हातून मरणार, एवढंच तिला कळत होतं. तरी ती बोलली नाही. बाई स्वतःचाच राग राग करत कोपऱ्यात भाकऱ्यांचं फडकं सोडत-बांधत बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मासळी भरून झाली. सगुणा आणि धाकू बॉनेटपुढे उभे राहिले. महिपतने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा गावदेवा म्हाराजा, आज तुझा लेकरू घाट चढतोय, त्याच्या चाकामागं उभा ऱ्हा."

"व्हय म्हाराजा," दोघं म्हणाली.

"वाटंत काय आडवं येईल ता बाजूला कर."

"व्हय म्हाराजा."

"आणि आमच्या हातून काय चुकलंमाकलं असंल, कोणी सांगितलं नसंल, ता पदरात घे."

धाकूने साद दिली. सगुणाची आली नाही. महिपत नारळ घेऊन थांबला. गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडता येत नाही.

"माझ्या हातून चुकलंय, म्हाराजा," सगुणा म्हणाली. "टोप्या मी हलवल्या. वाटे सारखे केले."

महिपतने नारळ खाली ठेवला. शिव्या देईल असं तिला वाटलं होतं. तो पाना घेऊन गाडीखाली शिरला.

तवा उतरवून टोप्या काढायला दुपार झाली. मूळच्याच जोड्या विजोड. बघून ओळखणार कोण? सगुणा खाली वाकून एकेक टोपी हातात घ्यायची, वजन करायची. ही घाव असलेली पलीकडच्या टोकाची. ही त्याच्या शेजारची. चार सांगितल्या. शेवटच्या दोन तिला आठवेनात, आणि तिला रडू फुटलं.

महिपतने त्या दोन तशाच लावल्या. पहार घातली. फ्लायव्हील जागचं हललं नाही. धाकूही पहारीला लटकला, तरी नाही. मग महिपतने दोन्ही अदलाबदल करून आवळल्या, आणि फ्लायव्हील एका हाताने फिरलं.

सगुणाने पदराने डोळे पुसले.

महिपत हात पुसत बाहेर आला. "जड फिरत व्हतं ता मलापण कळलं व्हतं, वयनी," तो म्हणाला. "लोकं हसतील म्हणून परत उघडलं नाय. ता पण देवाला सांगायचं ऱ्हायलं."

गाडी दुसऱ्या दिवसावर गेली. तिघं गोणपाटावर जेवायला बसली. फडक्यात एकच तळलेला बांगडा होता, त्याचे तीन तुकडे. वाटे करायला सगुणाचा हात काही पुढे होईना. तेव्हा धाकूने शेपटी महिपतला दिली, डोकं स्वतःकडे ओढलं, आणि मधला तुकडा बायकोच्या भाकरीवर ठेवला.