वाघदेवाच्या राईतली मोजणी

मशीन चुकलं की लोक मशीनच्या नावाने बोटं मोडतात. मी मोडत नाही. देवळाली कॅम्पात सतरा वर्षं माझं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान आहे आणि एवढ्या काळात मशीन खोटं बोललेलं मी पाहिलेलं नाही. माणूसच त्याला अर्धवट शिकवतो आणि वर त्याच्यावरच डोळे वटारतो. त्या रविवारी तो अर्धवट माणूस मी निघालो.

पेठच्या डोंगरात एक पाडा आहे आणि पाड्याच्या वर वाघदेवाची राई. जांभूळ, बेहडा, उंबर, सगळी इतकी जुनी झाडं की आत शिरल्यावर सकाळ आहे की संध्याकाळ, ते कळेनासं होतं. उंबराच्या मुळाशी झरा आहे. सगळा पाडा त्याचं पाणी पितो. मागच्या वर्षी कुणीतरी त्या झऱ्याचा व्हिडिओ टाकला आणि नाशिकहून गाड्यांची रीघ लागली. दिवसाला पाचसहाशे माणसं. झऱ्याचं तोंड तुडवलं गेलं, आणि होळीपर्यंत पुरणारं पाणी दिवाळीतच आटलं.

ग्रामसभेत निम्मे लोक म्हणाले, राईला कुलूप लावा. नवसाबाई म्हणाल्या, नको. राईची राखण त्यांच्याकडे, सासऱ्यापासून चालत आलेली. पाहुणे आले म्हणून पाड्यातल्या अकरा बायांना भाकरी थापायचं काम मिळालं होतं आणि त्यातल्या कुणालाच आता द्राक्षबागेत मजुरीला उतरायचं नव्हतं. शेवटी असं ठरलं की पाहुण्यांनी मोबाईलवर नाव नोंदवून यायचं आणि एका वेळी आत चाळीसच माणसं सोडायची. मोजायचं माझ्या मशीनने. सरपंच लहानूभाऊ मला सरळच म्हणाले, "खलीलभाऊ, रविवारी मोजणी जमली तर राई उघडी राहील. नाय जमली, तर सोमवारी कुलूप."

मशीन साधं होतं. राईच्या तोंडाशी दोन खांब, एका खांबावर सोलर पॅनेल आणि बाहेर बघणारा कॅमेरा. चेहरा दिसला की माणूस आत आला, पाठ दिसली की बाहेर गेला. आकडा खाली पाड्यातल्या बोर्डावर उमटणार. घरासमोरच्या गल्लीत मी रेहानाला, म्हणजे बायकोला, आणि मुलगी माहेनूरला दोन दिवस येरझाऱ्या घालायला लावल्या. रेहाना वैतागली, पण मशीन एकदाही चुकलं नाही. मी छाती फुगवून पाड्यावर गेलो.

रविवारी धुकं उतरलं होतं. खालून राई दिसतच नव्हती, वर नुसता हिरवा ओलावा तरंगत होता. नऊ जणांची पहिली तुकडी नवसाबाईंबरोबर वर गेली, परत आली. दुसरी नऊ जणांची गेली, तीही परत आली. अठराच्या अठरा माणसं माझ्या डोळ्यांसमोर ओसरीवर बसून नागलीची भाकरी खात होती. आणि बोर्डावर लाल आकडा होता, चाळीस. नाशिक रोडहून आलेली तिसरी तुकडी बोर्डाशी ताटकळत उभी.

लहानूभाऊंनी बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"आत जाऊन बघू," नवसाबाई म्हणाल्या. आम्ही दोघं वर गेलो.

राईत कुणीच नव्हतं. पानांवरून पाणी टपकत होतं, झरा मुळांमधून हळू वाहत होता. उजेड कुठून येतो ते समजत नव्हतं. वाघदेवाचा शेंदूर लावलेला दगड त्या उजेडात जागा झाल्यासारखा दिसत होता. मी दगडापासून जरा लांब बसलो. राग होता, पण तिथे राग फार वेळ धरता येत नाही. थोड्या वेळाने मलाही वाटू लागलं की झाडांमागे माणसं उभी आहेत. चाळीस जण. कुणालाच कसली घाई नाही.

"मशीन म्हणतंय, आत चाळीस हायेत," मी त्यांच्यासारखंच बोललो.

"असतील," नवसाबाई म्हणाल्या. "आमची गेलेली माणसं कुठं जाणार? हितंच हायेत."

मला हसू आलं नाही. त्या उठल्या, दगडाला हात जोडले आणि तशाच, तोंड दगडाकडे ठेवून, एकेक पाऊल मागे सरकू लागल्या. पायवाटेवरून, मुळं चुकवत, खांबांच्या मधून. खांबांपासून वीस पावलांवर एक आडवा धोंडा आहे. तिथे पोचल्यावरच त्या वळल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"वाघदेवाला पाठ दावायची नाय. पाव्हण्यांनाबी तसंच काढते मी बाहेर. पाठ फिरवली का माणूस पळतो, कागद टाकतो, फांदी मोडतो. मागं मागं आला का बघत बघत येतो."

मी कपाळावर हात मारला. अठरा माणसं आत गेली आणि तोंड आतच ठेवून बाहेर आली. मशीनला चेहरेच दिसले. अठरा आणि अठरा छत्तीस, नवसाबाईंच्या दोन खेपांचे चार. मशीनने चोख मोजलं होतं.

खाली येऊन लहानूभाऊंना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग सोपं हाय. नवसाबाई, आजपासून लोकान्ला सरळ चालत बाहेर काढ."

नवसाबाईंनी पदर खोचला. "मग कुलूपच लावा," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण ओसरीवरच्या बायांचे थापणारे हात थांबले.

तेव्हा मला अम्मी आठवली. दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, ती मला दर्ग्यात न्यायची. फातिहा पढून झाली की माझं मनगट धरायची आणि आम्ही दोघं उलटे चालत उंबऱ्यापर्यंत यायचो. मजारीकडे पाठ करायची नाही. मी मागे बघायला लागलो की म्हणायची, "मागचं मी बघते, तू समोर बघ." अम्मीला जाऊन दोन वर्षं झाली. त्या दोन वर्षांत मी दर्ग्यात गेलो नाही. जमलंच नाही मला. मशीनला माणसाची चाल शिकवताना मला गल्लीतली चाल सुचली, तिची सुचली नाही. याची लाज वाटली, आणि तिची फार आठवण आली.

"कुणाला काही बदलायला लावू नका," मी लहानूभाऊंना म्हणालो. "अर्धा तास द्या."

खांब उपटले आणि आडव्या धोंड्याच्या पलीकडे, जिथे माणसं वळून सरळ चालू लागतात, तिथे रोवले. आकडा शून्यावर आणला. दुपारपर्यंत चार तुकड्या गेल्या आणि आल्या. आकडा चढला, उतरला, शेवटी शून्यावर थांबला. लहानूभाऊंनी झऱ्यावर जाऊन ओंजळभर पाणी आणलं आणि उन्हात धरून पाहिलं. नितळ होतं. खिशातलं नवं कुलूप त्यांनी नवसाबाईंच्या हातात दिलं. "तुझ्या पैशांच्या पेटीला लाव," ते म्हणाले.

ऊन कलल्यावर पक्कड आत राहिलीय म्हणून मी वर गेलो. खरं तर पक्कड खिशातच होती. झऱ्याशी थोडा वेळ उभा राहिलो. मग तोंड राईकडे ठेवून मागे सरकत निघालो. मनगट दुसऱ्या हाताने धरलं होतं, हे नंतर माझ्या लक्षात आलं. धोंडा आला. वळायला हवं होतं. मी वळलो नाही, तसाच उलटा खांबांच्या मधून बाहेर आलो.

खाली पोचलो तर नवसाबाई बोर्डासमोर उभ्या होत्या.

"खलीलभाऊ, आत दोघं हायेत म्हणतंय."

"असू द्या," मी म्हणालो. "सकाळी शून्य करतो."