मागच्या भिंतीतली खिडकी

हेस्टर प्रॉबर्टने जिरेनियमची तिसरी कुंडी खिडकीच्या फळीवर सरकवली आणि दोन पावलं मागे येऊन पाहिलं. खिडकी दिसतच होती. एवढी मोठी खिडकी तीन कुंड्यांनी थोडीच झाकते.

"राहू दे," चाकाच्या खुर्चीतून तिचा नवरा ॲल्विन म्हणाला. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्याचा एकेक शब्द सावकाश येई. "लपवलं की जास्त दिसतं."

"तू फक्त तिकडे बघू नकोस. ती आली की चहाकडे बघ."

ती म्हणजे कौन्सिलची, जुन्या इमारतींवर देखरेख ठेवणारी वारसा अधिकारी. तिला बोलावलं होतं याच खिडकीसाठी, आणि झाकायची होती तीही हीच. पण भीतीला अक्कल नसते.

घर तिसऱ्या जॉर्ज राजाच्या काळातलं, जपायच्या जुन्या घरांच्या सरकारी यादीतलं. अशा घरात खिळा ठोकायचा तरी कागद लागतो. पुढच्या दाराला सात उंच दगडी पायऱ्या. आज शेजारच्या दोघांनी ॲल्विनला खुर्चीसकट उचलून वर आणलं होतं. फक्त मागच्या भिंतीपाशी घराची जमीन बाहेरच्या गल्लीच्या पातळीला होती. तिथली खिडकी काढून दार केलं, तर खुर्ची सरळ आत येणार होती. हॉस्पिटलच्या बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की सपाट दार झालं तर तो घरी राहील, नाहीतर नर्सिंग होममधली त्याची तात्पुरती खोली कायमची होईल.

अडचण एवढीच होती की ती खिडकी जुनी नव्हती. घर हेस्टरच्या मावशीकडून तिच्या नावावर आलं, तेव्हा तिथे लोखंडी चौकटीची एक ओंगळ खिडकी होती. चौतीस वर्षांपूर्वी ॲल्विनने ती उपटून टाकली आणि स्वतःच्या हाताने जुन्या धाटणीची, वर-खाली सरकणारी लाकडी खिडकी बसवली. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. परवानगीचं विचारलं तर म्हणाला होता, "खोटी काढून खरी बसवायला कसली परवानगी?" पुढे कोणीतरी हेस्टरला सांगितलं की हा गुन्हा आहे, आणि तो कधीच जुना होत नाही. तेव्हापासून कौन्सिलचं पाकीट आलं की ती ते दोन दिवस उघडायची नाही.

मिस ट्रँटर वेळेवर आली. चिखलाचे बूट तिने दाराशीच काढले आणि मोज्यांवर घरभर फिरली. भिंतीतला चुना नखाने खरवडून पाहिला, जिन्याचा कठडा पाहिला. शेवटी मागच्या खोलीत येऊन कुंड्या एकेक करून खाली ठेवल्या. हेस्टरने बिस्किटांची बशी पुढे केली. ती तिने पाहिलीही नाही.

तिने एका बोटाने खिडकी वर ढकलली. खिडकी आवाज न करता वर गेली आणि सोडली तिथेच थांबली.

"चौकटीच्या आतली दोरीची वजनं अजून बरोबर तोललेली आहेत," ती म्हणाली. "आणि काचा बघा. तोंडाने फुंकून केलेल्या. बाहेरचं झाड कसं हलल्यासारखं दिसतंय."

काचा एका पाडलेल्या जुन्या चॅपलमधून ॲल्विननेच आणल्या होत्या. हेस्टरने ॲल्विनकडे पाहिलं. तो सांगितल्याप्रमाणे चहाकडे बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

"काचांमधल्या इतक्या बारीक लाकडी पट्ट्या आता कोणी काढत नाही," मिस ट्रँटर म्हणाली. मग ती खुर्ची ओढून हेस्टरसमोर बसली. "मिसेस प्रॉबर्ट, मला वाईट वाटतंय. ही खिडकी म्हणजे या घरातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. सव्वादोनशे वर्षं टिकलीय. ती मोडून दार करायला मी हो म्हणू शकत नाही."

इतकी वर्षं हेस्टर घाबरत आली होती की कोणीतरी ओळखेल. कोणी ओळखणारच नाही, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"जुनी नाहीये ती," ती म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटला. "यानेच केलीय. चौतीस वर्षांपूर्वी. आम्ही कोणाला विचारलं नव्हतं."

मिस ट्रँटरने पेन खाली ठेवलं. "तुम्ही काय सांगताय ते कळतंय ना तुम्हाला? विनापरवाना काम असेल तर मला ते वर कळवावं लागेल. घर तुमच्या नावावर आहे. कारवाई तुमच्यावर होईल."

"होऊ दे. ॲल्विन, सांग तिला."

ॲल्विनने कप बशीत ठेवायला बराच वेळ घेतला.

"मी दारं करायचो," तो म्हणाला. "गोठ्यांची. फाटकं. असलं काम मला कुठलं जमायला?"

"ॲल्विन."

"तिला मी घरी हवाय," तो मिस ट्रँटरला म्हणाला. "म्हणून बोलतेय."

मिस ट्रँटर दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिने हेस्टरच्या हातावर हात ठेवला. "परवानगीसाठी लोक काय काय सांगतात. मी हे ऐकलंच नाही असं समजते." कागदावर तिने दोन ओळी लिहिल्या, बूट घातले आणि पायऱ्या जपून उतरून गेली.

हेस्टरने रागाने बिस्किटांची बशी टेबलावर आदळली.

"दंड झाला असता फार तर. भरला असता."

"तू कोर्टात उभी. या वयात."

"तेवढ्यासाठी?"

तो खिडकीकडे बघत होता. आता बघायला काही हरकत नव्हती. "सव्वादोनशे वर्षं म्हणाली," तो म्हणाला, आणि तोंडाच्या चांगल्या बाजूने हसला. त्याच्या खोटं बोलण्याचं कारण या दोन्हींतलं कुठलं, हे हेस्टरने विचारलं नाही. दोन्ही खरी निघाली असती, तर तिला त्याच्यावर रागावताही आलं नसतं.

पाच वाजता नर्सिंग होमची गाडी यायची होती. ती खाली वाकून त्याच्या कोटाची बटणं लावू लागली.

"तिथल्या माझ्या खोलीची खिडकी," त्याने विचारलं, "कसली आहे गं? मी नीट पाहिलीच नाही."

"प्लास्टिकची."

"उघडते?"

हेस्टर शेवटच्या बटणाशी अडली होती. ते भोकात जाईना.

"चार बोटं," ती म्हणाली.