वळचणीत अडकलेलं क्रियापद

कोर्टातल्या दुभाषीबाईंची जीभ अठरा वर्षांत कधी घसरली नव्हती. त्या दिवशी घसरली, आणि त्यांना पत्ताही लागला नाही.

खटला दोन शेजाऱ्यांच्या कुंपणाचा. एकीकडे शिवणकाम करणाऱ्या आजी, दुसरीकडे फर्निचरचे व्यापारी. आजींना इंग्रजी येत नव्हतं, न्यायाधीशांना मराठी. आजी म्हणाल्या, "मी यांच्या वळचणीला उभी होते. आत हे मिस्त्रीला सांगत होते, कुंपण हातभर पुढे सरकव. मी ऐकलं." दुभाषीबाईंनी भरभर इंग्रजी केलं आणि त्यात 'ईव्हज्ड्रॉप' हे क्रियापद घातलं.

व्यापाऱ्यांचे वकील ताडकन उठले. "चोरून ऐकलं, हे बाई स्वतःच कबूल करतायत!"

दुभाषीबाईंनी ते मराठीत सांगताच आजींचा पारा चढला. "चोरून? मी कधी म्हटलं चोरून?"

खरंच, कधी म्हटलं? मधल्या सुटीत दुभाषीबाई डबा न उघडताच पुस्तकांच्या खोलीत शिरल्या.

"जेवायचं नाही का?" कारकुनांनी विचारलं.

"थांबा हो. आधी माझे शब्द मागे घ्यायचेत का, ते बघू दे."

जाडजूड कोश उघडला, आणि त्या पानातच हरवल्या. त्या शब्दाच्या पोटात चक्क वळचण होती, 'ईव्हज' म्हणजे वळचणच! फार पूर्वी त्याचा अर्थ होता छपराच्या कडेवरून पडणारं पाणी, आणि ते पडतं ती जमीन. छपराचं पाणी शेजाऱ्याकडे जाऊ नये म्हणून घर बांधताना ती पट्टी मोकळी सोडायची. पुढे तिथे उभं राहून आतलं बोलणं टिपणाऱ्यांना त्यावरून नाव पडलं, आणि त्या नावाचं क्रियापद झालं. पाणी गेलं, जमीन गेली. उरला तो भिंतीला लावलेला कान. आजींनी सांगितली होती जागा, आणि बाईंनी लावला होता आळ.

सुटी संपताच त्या उभ्या राहिल्या. "साहेब, चूक माझी आहे. साक्षीदार फक्त छपराच्या कडेखाली उभ्या होत्या." पाठोपाठ शब्दाची कुळकथाही त्यांनी सांगून टाकली.

न्यायाधीश पुढे झुकले. "मग यांच्या छपराचं पाणी पडतं तरी कुठे?"

"माझ्या अंगणात!" प्रश्न मराठीत ऐकताच आजी म्हणाल्या. "बादली लावायलाच तर गेले होते."

म्हणजे पाण्याची पट्टी व्यापाऱ्यांनी स्वतःच्या जागेत सोडलीच नव्हती. न्यायाधीशांनी मोजणीचा हुकूम दिला, आणि महिन्याभरात निकाल लागून कुंपण हातभर मागे गेलं.

निकालाच्या दिवशी आजींनी दुभाषीबाईंना जिन्यात गाठलं. "खरं सांगू? पहिलं वाक्य आपसूक कानावर पडलं. पुढची मात्र श्वास रोखून ऐकली हं."

दुभाषीबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "हे इथे बोललात ते बरं केलंत, आजी. आत बोलला असतात, तर मला भाषांतर करावं लागलं असतं."